मदत हवी आहे: बोरिक पावडर कुठे मिळेल? (अर्जंट)

चाळकरी_७२:
नमस्कार मंडळी, बोरिक पावडर पाहिजे, अर्धा किलो तरी, शनिवारच्या आत. दोन मेडिकल पालथी घातली. एकीत सरळ नाही म्हणाले, दुसरीतल्या बाईंनी कशाला हवी, किती हवी, कोणी सांगितलं असं इतकं खोदून विचारलं की मी काही गुन्हा करून आलोय असं वाटायला लागलं. ऑनलाइन बघावं तर जिथे तिथे 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि कंपनीचा नंबर मागतात. तिकडे आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात पुडी मिळते राव, कोणी ढुंकून बघत नाही. कुठे मिळेल तेवढं सांगा प्लीज.

मुक्ता_के:
'तिकडे' म्हणजे भारत हे कळलं, 'इकडे' म्हणजे कुठे? आणि कशासाठी हवीय?

अण्णा_डोंबिवली:
झुरळांसाठी ना? आमचा हमखास उपाय: बोरिक पावडर, कणीक, पिठीसाखर, थोडं दूध, सुपारीएवढ्या गोळ्या करून सिलिंडरच्या मागे आणि सिंकखाली ठेवायच्या. लहान मुलं, मांजर पोचणार नाही अशा जागी हां. पंधरा दिवसांत घर साफ.

चाळकरी_७२:
झुरळं नाहीत हो काका. जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ.

जर्सीचा_बाळ्या:
जर्मनीत कशाला शोधतोयस. आमच्याकडे अमेरिकेत बोरॅक्सचा (बोरिकचाच भाऊबंद) डबा सुपरमार्केटात कपड्याच्या साबणाशेजारी असतो, बोरिक अ‍ॅसिड हार्डवेअरच्या दुकानात झुरळांची पावडर म्हणून मिळतं, १९४८ पासून कीटकनाशक म्हणून रजिस्टर्ड आहे. कोणी येत असेल तर बॅगेतून मागव.

लंडन_लोकल:
लायसन लागतं त्याला! गृह खात्याकडे अर्ज करायचा, फोटो-बिटो द्यायचा. माझ्या मित्राला नायट्रिक अ‍ॅसिड हवं होतं तांब्याच्या पत्र्यावर नक्षी करायला, त्याला सगळं करावं लागलं.

रसायन_मास्तर:
लंडनकर, गल्लत होतेय. ते लायसन स्फोटकांच्या कच्च्या मालासाठी आणि काही विषांसाठी आहे, ब्रिटनमध्ये नायट्रिक ३ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन पेरॉक्साइड १२ टक्क्यांच्या वर असेल तर. बोरिकचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि मुळात माणूस जर्मनीत आहे.

बोरिकचं दुखणं वेगळं आहे. उंदरांना मोठे डोस दिल्यावर प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला, म्हणून युरोपात ते 'प्रजननाला घातक, १ब' या वर्गात आहे, आणि त्या वर्गातलं काही साध्या गिऱ्हाइकाला विकायचं नाही असा रीच या युरोपातल्या रसायनांच्या कायद्याचा नियम. आधी ५.५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला सूट होती, डिसेंबर २०२२ पासून ती ०.३ टक्क्यांवर आली. म्हणजे शुद्ध पुडीचा प्रश्नच नाही, मेडिकलवाल्या बाईंवर चिडू नका. युरोपात पदार्थाच्या अंगात घातकपणा आहे का ते आधी बघतात, अमेरिकेत माणसाच्या पोटात-अंगावर प्रत्यक्षात किती जाईल ते बघतात. पावडर तीच, कपाट वेगळं.

जर्सीचा_बाळ्या:
उंदीर काय, मीठ पण किलोभर खाऊ घातलं तर मरेल. उगाच बाऊ.

रसायन_मास्तर:
बाऊ म्हणा, पण तुमच्या शेजारच्या कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये सांगितलं की घरी स्लाइम (मुलांचा खेळायचा लिबलिबीत गोळा) बनवायला बोरिक वापरू नका. गंमत युरोपाचीही आहे म्हणा, स्टर्जन माशाच्या अंड्यांत, म्हणजे कॅव्हिआरमध्ये, टिकवायला बोरिक चालतं, ई २८४ म्हणून. श्रीमंतांना सूट!

नमिता_गोवा:
आजी टाकणखार, म्हणजे बोरॅक्सच, तव्यावर फुलवून मधातून तोंड आलं की लावायची. आता डॉक्टर नको म्हणतात, लहान बाळांना तर अजिबात नाही. सोनार मात्र डाग द्यायला अजून तोच वापरतात.

स्पष्टवक्ता:
भारतात कायदाच नाही हो, काहीही कुठेही मिळतं.

मुक्ता_के:
असं सरसकट नको. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी या मुलीवरच्या अ‍ॅसिड हल्ल्याच्या प्रकरणात सांगितलं की अ‍ॅसिड विकताना रजिस्टर ठेवा, ओळखपत्र बघा, कारण लिहून घ्या, अठराच्या आतल्याला देऊ नका, नाहीतर ५०,००० पर्यंत दंड. कागदावर कायदा कडक आहे, आमच्या बाजारात पाळतो कोण हा प्रश्न वेगळा. आणि धागाकर्ते, दुसऱ्यांदा विचारते, कशासाठी हवीय?

चाळकरी_७२:
अहो कॅरमसाठी!! सांगितलं नाही का? शनिवारी मंडळाची गणपतीतली स्पर्धा आहे, २४ जोड्या, चार बोर्ड, आणि पावडरचा डबा मुंबईत आईच्या कपाटात राहिला. बोर्डावर स्ट्रायकर असा चालतोय की सोंगटी भोकापर्यंत पोचायला धापा टाकते.

मुक्ता_के:
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर!

अण्णा_डोंबिवली:
टाल्कम टाका. आम्ही गच्चीवर तेच टाकायचो.

बर्नचा_पश्या:
टाल्कम अजिबात नको, चिकटतं आणि बोर्डावर थर बसतो. मी स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षं खेळतोय, आम्ही बटाट्याचा स्टार्च वापरतो. केकच्या सामानाच्या रॅकवर पाकीट मिळतं. चिमूटभर टाकायचा, सुती कापडाने पसरायचा, जास्तीचा झटकून टाकायचा. बोरिकइतका भन्नाट पळत नाही, आणि हवेत ओल असेल तर गुठळ्या होतात, म्हणून पाकीट रात्रभर उघडं ठेवू नको. बॅगेतून पावडर आणायच्या भानगडीत पडू नको, लेबल नसलेली पांढरी पुडी कस्टमवाल्याला समजावत बसशील.

लंडन_लोकल:
स्ट्रायकर किती ग्रॅमचा आहे? १५ च्या वर नियमात बसत नाही.

चाळकरी_७२:
स्ट्रायकर ठीक आहे हो. पश्या, दोन पाकिटं आणली, काल रात्री एका बोर्डावर घासून बघितलं, पळतोय! कोपऱ्यातली सोंगटी जरा दमाने जाते पण सगळ्यांना सारखंच. बायको विचारतेय बोर्डावर थालीपीठ लावतोयस का.

अण्णा_डोंबिवली:
स्टार्च सांडला तर झुरळं येतील बरं का. माझी गोळी लक्षात ठेवा.

रसायन_मास्तर:
काका, त्या गोळीतलं बोरिकच तिथे मिळत नाहीये.