पटकथाकाराने सोडवलेले धर्मसंकट हे धर्मसंकट उरते का?

फोंडेकर

युद्ध आणि तगून राहण्याची धडपड यांवरच्या विज्ञानकथा-मालिका मी आवडीने पाहतो, परंतु त्यांच्या नैतिक धाडसाचे जे कौतुक होते ते मला अर्धेच पटते. २००४ साली सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’चा पहिलाच भाग घ्या. सायलॉन हे यंत्रमानव दर ३३ मिनिटांनी हल्ला करत आहेत, माणसांचा उरलासुरला ताफा पाच दिवस झोपलेला नाही, आणि १,३४५ जणांना घेऊन निघालेले ‘ऑलिंपिक कॅरिअर’ हे जहाज मागे राहताच हल्ला चुकतो. ते जहाज परत येते तेव्हा त्यावर अण्वस्त्र असल्याची चिन्हे दिसतात, राष्ट्राध्यक्ष रोझलिन ते उडवण्याचा आदेश देतात, आणि जहाज गेल्यावर हल्ल्यांचे चक्र थांबते. आधी संशय, मग पुरावा, शेवटी निकाल, आणि सारे काही रोझलिनबाईंच्या पदरात.

याउलट ‘स्टार ट्रेक’च्या १९६६ मधील एका भागातला कोडोस पाहा. वसाहतीतले धान्य नासते, तेव्हा हा राज्यपाल ८,००० पैकी ४,००० माणसे मारून उरलेल्यांना जगवू पाहतो. मदतीची जहाजे अपेक्षेपेक्षा लवकर येतात आणि तो कायमचा खाटीक ठरतो. हिशेब दोन्हीकडे तोच आहे. जहाज केव्हा आले एवढ्यावर एकाला राष्ट्रमाता आणि दुसऱ्याला नराधम ठरवणार असाल, तर धर्मसंकट पात्रापुढे नव्हतेच. ते लेखकाने मांडले आणि त्यानेच सोडवले. कोणाचे मत वेगळे असल्यास अवश्य मांडावे.

मुरगावकर

फोंडेकरबाब, वेगळेच आहे. जहाज उडवण्यापूर्वी वैमानिक जवळून जाऊन खिडक्यांत पाहतो आणि त्याला आत कोणी दिसत नाही. परंतु प्रवासी खरोखरच नव्हते, असे तो भाग कोठेही सांगत नाही. पुरावा मिळाला असे आपण मानतो, कारण मानल्याशिवाय आपल्यालाही झोप लागणार नाही. रोझलिन जिवंत माणसांचा आकडा लिहिलेल्या फळ्यावरून ती माणसे वजा करतात आणि नंतर ताफ्यात एक मूल जन्मल्यावर त्याच फळ्यावर एक वाढवतात. हा मला निकाल वाटत नाही, हा हिशेबनीसाचा नाइलाज वाटतो.

तुमच्या म्हणण्याला खरे उत्तर ‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका असलेल्या ‘डीप स्पेस नाइन’च्या १९९८ मधील भागात आहे. डोमिनियन या शत्रुसत्तेविरुद्धचे युद्ध हातातून निसटत असताना कॅप्टन सिस्को तटस्थ रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी बनावट पुरावा तयार करवून घेतो. त्यांच्या सिनेटरच्या ती बनवेगिरी लक्षात येते, तेव्हा सिस्कोचा साथीदार गॅरक त्या सिनेटरचे यानच स्फोटाने उडवून देतो. रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को हे सारे आपल्या रोजनिशीत बोलून दाखवतो आणि मग ती नोंद पुसून टाकतो.

तटस्थतेचा असा भंग आपल्या मुरगाव बंदरानेही पाहिला आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या राखीव दलातले वयस्क हौशी शिपाई एका बार्जमधून येथे शिरले. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे हे बंदरही तटस्थ होते, परंतु ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवला जातो, असा ब्रिटिशांचा समज होता. जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, आणि ही हकीकत सुमारे ३५ वर्षे गुप्त राहिली. तेथे कोणता पटकथाकार होता?

डिचोलीकर

सिस्कोची गोष्ट म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’ आहे, फरक इतकाच की धर्मराजाचा चार अंगुळे वर चालणारा रथ जमिनीला टेकला आणि सिस्कोचा तसाच पुढे गेला. महाभारतकार अर्धसत्याचेही मोल वसूल करतात. मालिकेने येथे कॅप्टनला सवलत दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोंडेकर

मुरगावकरांचे उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूने जाते. ती माणसे बार्जमध्ये चढली तेव्हा पुढे काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि काम फत्ते झाल्यावरही ते उघड सांगण्याजोगे आहे असे वरिष्ठांना वाटले नाही. सिस्कोच्या बाबतीत मात्र रोम्युलन आले नसते, उलट डोमिनियनलाच मिळाले असते, तर तो भाग आपण याच आदराने पाहिला असता का?

पेडणेकर

आपण दोघेही निकालाभोवतीच फिरत आहात, म्हणून मध्ये लिहिते. कोडोसचा अपराध जहाजे लवकर आल्यामुळे सिद्ध झालेला नाही. जगण्यास लायक कोण हे त्याने स्वतःच्या वंशसुधाराच्या कल्पनांवर ठरवले, चिठ्ठ्यासुद्धा टाकल्या नाहीत. जहाजे वर्षभर आली नसती तरी तो अपराध तेवढाच राहिला असता. ‘गॅलेक्टिका’मधल्या अ‍ॅडमिरल केनबाई नागरी जहाजांवरून सुटे भाग आणि उपयोगी माणसे उचलतात, नकार देणाऱ्यांच्या कुटुंबीयांना गोळ्या घालायला लावतात आणि उरलेल्यांना अवकाशात सोडून जातात. तुमच्या हिशेबाने पाहिले तर त्यांची युद्धनौका लढत राहिली, म्हणजे निर्णय बरोबर ठरला! शांतिपर्वातल्या आपद्धर्माच्या कथेत दुष्काळाने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस खाण्यासाठी उचलतो, तेव्हा तो स्वतःचे तप पणाला लावतो, शेजाऱ्याचे मूल नव्हे. किंमत कोण मोजतो आणि त्याला कोणी विचारले होते का, हा प्रश्न निकालाच्या आधी येतो.

गोव्यातल्या वाचकांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने कळवले होते की शरणागती नाही, सैनिक जिंकलेले असावेत किंवा मेलेले. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो आदेश पाळला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती दिली. मायदेशी त्यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले, १९७४ मध्ये तेथली हुकूमशाही कोसळल्यावरच त्यांचा मान परत मिळाला. ते आमच्या मुक्तीचे शिल्पकार नव्हेत, ते वसाहतीचेच अधिकारी होते. पण दुसऱ्यांचे मरण आपण खर्च करू शकत नाही, एवढे त्यांना कळले.

मुरगावकर

पेडणेकरबाई, वासालोंचा दाखला येथे लागू पडत नाही. गोवा गेला तरी पोर्तुगाल उरणार होता, त्यांचे सैनिक युद्धकैदी होऊन पुढे घरी परतले, आणि समोरची फौज कत्तल करण्यासाठी आलेली नव्हती. रोझलिनबाईंना शरण जाण्यासाठी कोणी नाही आणि परतण्यासाठी घर नाही. पन्नास हजारांच्या आत माणसे उरलेली आणि सर्वांना मारू पाहणारा शत्रू, अशा वेळी नकार देणे हासुद्धा इतरांच्या जिवावर केलेला खर्चच असतो.

पेडणेकर

मान्य नाही, कारण त्याच मालिकेने याचे उत्तर पुढे दिले आहे. तिसऱ्या पर्वात सायलॉनांचा समूळ नाश करू शकेल असा रोग हाती लागतो. मेलेल्या सायलॉनचे मन नव्या शरीरात उतरते, म्हणून रोगी सायलॉन कैद्यांना त्यांच्या टापूत नेऊन मारले की तो सर्वत्र पसरणार असतो. रोझलिन आदेश देतात, अ‍ॅडमिरल अडामा तयार होतात, आणि हीलो हा अधिकारी कैद्यांच्या कोठडीतली हवा काढून त्यांना आधीच मारतो, म्हणून बेत फसतो. शरण जायला कोणी नव्हते, तरीही नाही म्हणता आले. अडामा चौकशीसुद्धा करत नाहीत.

डिचोलीकर

बाई, हीलोची बायको माणसासारखी दिसणारी सायलॉनच आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. शिवाय त्या कैद्यांना त्यानेही विचारले नव्हते.