मेंदूतला अन्युरिझम शोधायला एमआरए की सीटी अँजिओ?

कोथरूडकर: आमच्याकडे आई आणि थोरला भाऊ, दोघांनाही अन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, फुटून ब्रेन हॅमरेज झालं, त्यामुळे आता आम्हा बाकीच्या भावंडांना तपासणी सांगितलीय. माझं स्पष्ट मत, काही त्रास नसलेल्या माणसाने एमआरएच करावा, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र. त्यातल्या टाइम ऑफ फ्लाइट पद्धतीत इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही, वाहतं रक्तच पांढरं दिसतं. शिवाय हे एकदा करून भागत नाही, काही वर्षांनी परत करायचं असतं, दर वेळी सीटी अँजिओसाठी शिरेतून आयोडीनचा डाय (नसा उठून दिसायला देतात ते औषध) आणि एक्स-रे कशाला घ्यायचा?

सीटीवाला: नाही पटलं. मी रोज सीटी काढतो. ३ मिमीपेक्षा छोटा फुगा एमआरएत सुटू शकतो, त्यात मशीन जुनं, १.५ टेस्लाचं (चुंबकाची ताकद) असेल आणि पेशंट जरा हलला की संपलंच. फुग्यात रक्त हळू फिरत असेल तर सिग्नलच कमी होतो, आकार कमी दिसतो. सीटीत डाय पोचला की दिसतं, तेही काही सेकंदात. अचानक डोकं फुटेल असं दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटला एमआरआयमध्ये कोण झोपवत बसणार?

कोथरूडकर: अहो इमर्जन्सीत आधी साधा सीटी आणि रक्त दिसलं की लगेच सीटी अँजिओ, यावर वादच नाही. पण कवटीच्या तळाशी हाडाला चिकटलेली कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी) सीटीतही फसवते. आणि अगदी छोटा सुटला तरी, २००३ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या स्टडीत पूर्वी हॅमरेज न झालेल्यांचे मेंदूच्या पुढच्या भागातले ७ मिमीखालचे अन्युरिझम पाच वर्षांत फुटलेच नव्हते.

सीटीवाला: तो आकडा तुमच्या घराला जसाच्या तसा लावू नका, प्लीज. सख्ख्या नात्यात हिस्ट्री असेल तर फुटायचा धोका जास्त असतो.

विदर्भवाली: तुम्ही दोघं अन्युरिझमवरच अडलात. आमच्या भागात सिकलसेलची (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) पोरं आहेत, त्यांच्या मेंदूच्या नसा अरुंद होतात अन् लहानपणीच स्ट्रोक येतो. तिथे कानाजवळ प्रोब ठेवून ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर करतात, म्हणजे मेंदूच्या नसांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, ना सुई ना भूल. वेग सेकंदाला २०० सेमी किंवा वर गेला तर नियमित रक्त चढवायचं, १९९८ च्या ट्रायलमध्ये त्याने स्ट्रोक ९२ टक्क्यांनी घटले. ही सोय तालुक्याला मिळाली पाहिजे, त्यावर का कोणी भांडत नाही?

सीटीवाला: ताई, शंभर टक्के बरोबर, पण डॉप्लरवर छोटा अन्युरिझम शोधता येत नाही, ह्यांचा प्रश्न तो आहे. कोथरूडकर, एमआरएच करणार असाल तर निदान ३ टेस्लावर करा, आणि नुसत्या रिपोर्टवर थांबू नका, सीडी घेऊन न्यूरोरेडिओलॉजिस्टकडे जा, सोर्स इमेजेस (मूळ स्कॅनचे काप) एकेक करून बघायला लावा. शंका राहिली तर मात्र सीटी अँजिओ टाळू नका, फक्त आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या.