फ्लाय बेबीच्या पायांना हात लावू नका!

वारजेकर: काल इथे एकाने घरी बांधायच्या लाकडी फ्लाय बेबी विमानाबद्दल सल्ला दिला, 'फ्लाय बेबी जुनाट, सस्पेन्शनच नाही, चाकांचे लाकडी पाय (लँडिंग गिअर) काढा आणि अ‍ॅल्युमिनियमची स्प्रिंग लेग बोल्टने ठोका.' वाचून डोकंच फिरलं. घरी बांधायच्या विमानांची १९६२ ची स्पर्धा जिंकलेलं डिझाइन आहे हो ते. त्यात पंखांच्या खालच्या तारा थेट गिअरच्या तळाशी, अ‍ॅक्सलपाशी येतात. उडताना पंखाचा सगळा ओढा तिथे. पाय लवचिक झाले की तारांचा ताण गेला. म्हणून त्याचा डिझायनर पीटर बोवर्सने पाय कडक ठेवले आणि दणका खायला कमी हवेचे जाड टायर दिले.

नट_बोल्ट: तो 'एकजण' मीच, नाव घ्यायला काय झालं? तारा फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, तळाला बांधा, विषय संपला.

वारजेकर: कसला संपला? तार बांधायची जागा वर आली की तारेचा कोन चपटा होतो, तेवढीच लिफ्ट धरायला ताण कितीतरी वाढतो आणि स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, दाबही वाढतो. पंखाचं गणित पहिल्यापासून मांडणार आहात का तुम्ही?

सागवान: पायांचं सोडा, गोंद कुठला? आमचं नाना पेठेत फर्निचरचं दुकान होतं, वडिलांनी पांढऱ्या गोंदाने जोडलेली कपाटं अजून हलत नाहीत. उगाच महागडा इपॉक्सी कशाला?

हडपसरची_विंच: दादा, कपाट उडत नाही!! पांढरा गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, ओलाव्यात तर आणखीच. रिसॉर्सिनॉल (पाण्याला दाद न देणारा गोंद) नाहीतर विमानासाठीचा इपॉक्सी, तिसरं नाव काढू नका. आणि इपॉक्सीसुद्धा उन्हात मऊ पडतो म्हणून लोक पंख पांढरे रंगवतात, आपल्याकडचा एप्रिल-मे माहितीये ना?

सागवान: वडिलांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. मरीन प्लाय उकळत्या पाण्यात टिकतो, तोही चालणार नाही म्हणाल आता.

हडपसरची_विंच: वडिलांना कोण काय बोललं? मरीन प्लायचा गोंद चांगलाच असतो, पण आतल्या थरात गाठ किंवा पोकळी निघाली तर? मी ग्लायडर उतरवताना एकदा असा आपटलोय की आठवडाभर कंबर धरून चालत होतो. तो दणका प्लायच्या पोकळीवर बसला असता तर? लाकूड आवाज काढतं ते एकदाच, मोडताना.

सागवान: बरं, स्पारला नको. सीटला तरी लावू द्या.

नट_बोल्ट: गोंदावरून भांडण झालं असेल तर माझं ऐका. पिएटनपोल नावाचं घरी बांधायचं विमान आहे, त्याचे लोक पायांना बंजी (रबरी दोर) लावतात, त्यांचं काय बिघडतं?

वारजेकर: पिएटनपोलचा पंख स्ट्रटवर, म्हणजे कडक टेकूंवर, उभा आहे, त्याचा पायांशी संबंध नाही. तिथे खुशाल लावा. इथे पाय म्हणजे पंखाचाच भाग.

नट_बोल्ट: ठीक आहे, तारांचं मानलं. पण पायाचे बोल्ट जिथे लाकडातून जातात तिथली भोकं दणक्यांनी लांबुळकी होतात, हे तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

वारजेकर: ते बरोबर आहे. भोकात बुश (धातूची नळी) बसवा, दर वर्षी बोल्ट काढून भोक बघा. पण पाय तेच ठेवा.