मदत हवी आहे: हर्णैला दोन दिवस, सुवर्णदुर्ग आणि मासळीचा लिलाव कसा बसवावा?

निवांत :
जानेवारीत पुण्याहून गाडीने दापोली-हर्णैला जायचं आहे. आम्ही सहा जण : आई-बाबा (दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं, आठ आणि बारा वर्षांची मुलं. शनिवारी दुपारी पोहोचू, रविवारी दुपारी निघायचं. तीन गोष्टी नक्की करायच्या आहेत : सुवर्णदुर्ग, बंदरावरचा लिलाव आणि घरी न्यायला चार-पाच किलो मासळी. कॅलेंडरप्रमाणे शनिवारी शुक्ल सप्तमी, रविवारी अष्टमी आहे. वेळा कशा लावाव्यात? आई-बाबांना होडीत न्यावं का?

सुकती :
तिथी लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण हर्णैला घड्याळापेक्षा पाणी बघून चालावं लागतं. हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमी म्हणजे ८ ची पाऊणपट ६ : सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि आदल्या दिवशी होडीवाल्याला विचारून घ्या.

किल्ल्यापाशी उतरताना पुळणीलगत पाण्यात पाय टाकावा लागतो. ओहोटीला खडक उघडे पडतात, होडी लांब थांबते आणि शेवाळलेल्या दगडांवरून चालत जावं लागतं. त्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. साध्या चपला पाण्यात निसटतात, मागे पट्टा असलेले सँडल घाला. रविवारी सात-साडेसातला होडीत बसा, साडेनऊपर्यंत परत या. दुपारी वारा सुटला की पाणी उसळतं, मुलांना त्रास होतो.

डोलकाठी :
सुकती यांच्या हिशोबाला एक जोड. सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या मानाने बराच कमी. त्यामुळे थोडा उशीर झाला तरी पाणी एकदम पळत नाही. हीच सहल पौर्णिमेच्या आसपास असती तर अर्ध्या तासानेही फरक पडला असता.

आईंना मात्र होडीत नेऊ नका. होडीत बसणं जमेल. अडचण आहे ती हलत्या काठावरून गुडघाभर पाण्यात उतरण्याची आणि परत चढण्याची. बाबांचं त्यांच्यावर सोडा. किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावरून अख्खा सुवर्णदुर्ग समोर दिसतो. कनकदुर्ग बंदराला लागूनच आहे, तिथे दीपगृह आहे; पण पायऱ्या आहेत, तेव्हा आईंना गोवा किल्लाच बरा.

सुवर्णदुर्गाचा महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला, पूर्वेला आहे, पण बुरुजांच्या आड असल्यामुळे होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाज्यात पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती मुलांना मुद्दाम दाखवा. आत वस्ती नाही, पिण्याचं पाणी नाही, झुडपं माजलेली आहेत. माणशी एक लिटर पाणी, पूर्ण पँट आणि तासभर वेळ ठेवा. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला. मुलांना जाण्याआधी एवढं सांगितलंत तरी तट बघायला मजा येईल. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटू देऊ नका, आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं आहे ना हे आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा.

पागोळी :
मासळीचं मी सांगते. लिलाव सकाळीही असतो आणि दुपारनंतर चार-साडेचारपासूनही. शनिवारी संध्याकाळी तो नुसता बघा. लिलावात माल पाट्यांच्या हिशोबाने जातो, घरगुती गिऱ्हाइकाचं ते काम नाही. बोली चालू असताना मधे उभे राहू नका, डोक्यावर पाटी घेतलेली माणसं घाईत असतात आणि खाली सगळं निसरडं असतं. चार-पाच किलो हवी तर बाजूला बसलेल्या मावश्यांकडून घ्या. पैसे रोख ठेवा.

खरेदी रविवारी, किल्ल्यावरून आल्यावर. कल्ला उचलून बघा : लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा.

पुण्यापर्यंतच्या प्रवासाला मासळीइतकाच बर्फ लागतो : पाच किलोला पाच किलो, आणि तोही चुरा. मोठे खडे मासळीला सगळीकडून टेकत नाहीत आणि सुरमईच्या तुकड्यांवर वळ उठवतात. आतडी काढून धुऊन घ्या. थर्माकोलच्या खोक्यात तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर लावा. खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर भोक पाडा आणि खाली ट्रे ठेवा. बहुतेक जण इथेच चुकतात. पाणी निघून गेलं नाही तर मासळी त्याच घाण पाण्यात सहा तास भिजते, मऊ पडते आणि वास धरते.

कोळंबीची डोकी तिथेच काढा, डोक्यातल्या रसामुळे ती लवकर काळी आणि मऊ पडते. बांगडा-सुरमई तापू देऊ नका. त्यात तयार होणारं विष नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही आणि अंगावर पित्त उठतं. ओले बोंबील नेऊच नका, त्यात इतकं पाणी असतं की घरी पोहोचेपर्यंत लगदा होतो. बोंबील हवेतच तर शेजारच्या पाजपंढरीतून सुके घ्या.

निवांत :
मनापासून आभार. शनिवारी लिलाव, रविवारी सातला होडी, साडेनऊनंतर खरेदी असं ठरवतो. आम्ही किल्ल्यावर असताना आई-बाबांना आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला पाठवलं तर? गाडी चालवणारा सोबत असेल.

सुकती :
जरूर पाठवा. खाडीवर पूल आहे आणि गाडी वर देवळापर्यंत जाते, गुडघ्यांना त्रास नाही. फक्त बर्फाचं खोकं त्याच गाडीत असेल तर त्यांना नऊपर्यंत बंदरावर परत यायला सांगा. मासळी घेतल्यावर उन्हात गाडीची वाट बघत उभं राहायला नको.