मदत हवी आहे: लाइफ सायन्सेसच्या सगळ्या विभागांची एकत्र रिसर्च मीट ठरतेय, लोक एकमेकांशी खरंच बोलतील असं काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय. आमच्या विद्यापीठात लाइफ सायन्सेसचे विभाग वेगवेगळे आहेत, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बॉटनी, झूलॉजी आणि बायोइन्फर्मॅटिक्सचा (जैविक डेटा संगणकावर तपासणारा) एक छोटा गट, आणि आता सगळ्यांची मिळून एक दिवसाची नेटवर्किंग मीट घ्यायचं ठरलंय. काम आम्हा काही रिसर्च स्कॉलर्सकडे आलंय. हॉल मिळालाय, तारीखही जवळपास पक्की आहे. अडलंय ते एवढंच की दिवसभर नेमकं करायचं काय.

म्हणजे कार्यक्रम आखायला काही लागत नाही. उद्घाटन, मान्यवरांची भाषणं, एक लांबलचक कीनोट (मुख्य व्याख्यान), मग दुसरं व्याख्यान जे हमखास वेळेच्या पुढे जातं, आणि सगळ्यात शेवटी पोस्टर सेशन (आपलं काम बोर्डवर लावून येईल त्याला समजावायचं), तोपर्यंत अर्धा हॉल रिकामा झालेला असतो आणि जे उरतात ते आपापल्या लॅबच्या घोळक्यात उभे. पोस्टर लावणारी मुलं रात्र रात्र जागून तयारी करतात आणि त्यांच्यासमोर येऊन उभं राहतं कोण, तर शेजारच्या बेंचवर काम करणारी मैत्रीण, जिला ते सगळं आधीच पाठ असतं. मला हे फार वाईट वाटतं. एवढा खटाटोप करून माणसं आली तशीच निघून जातात.

मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय त्याला कारण आहे. मी एक प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूत तयार करून निकेल कॉलमवर प्युरिफाय करत होते आणि जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी दाखवतं ते) दर वेळी ७० किलोडाल्टनच्या आसपास एक नको असलेला बँड यायचा. नको ते धुऊन जावं म्हणून इमिडाझोल वाढवून बघितलं, बफरमधलं मीठ वाढवून बघितलं, बँड आपला तसाच. एका सेमिनारला शेजारी मायक्रोबायोलॉजीच्या एक मॅडम बसल्या होत्या, बोलता बोलता विषय निघाला म्हणून मी फोनमधला जेलचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं हा डीएनएके असणार. चॅपेरोन आहे तो, म्हणजे इतर प्रोटीनना नीट घडी पडायला मदत करणारा, तुझ्या प्रोटीनला धरून येतोय. कॉलमवर असतानाच एटीपी आणि मॅग्नेशियम घालून धुऊन बघ, एटीपी मिळालं की तो पकड सोडतो." तसं केलं आणि बँड जवळजवळ गेलाच. या मॅडमची लॅब आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर आहे! मी रोज त्यांच्या दारावरून जिना उतरते आणि आमची ओळख मात्र कुठे झाली, तर योगायोगाने एका खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची होती म्हणून.

एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन संस्थांमध्ये हेच मोजलं होतं, दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातलं कामाचं बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते अगदीच नगण्य उरतं. वेगळा मजला म्हणजे तर वेगळं गावच समजा. मग ही माणसं भेटायची कुठे, तर अशा मीटमध्येच ना?

आणि मोठी उदाहरणंही आहेतच. १९७२ साली होनोलुलूला प्लास्मिडवरच्या (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएवरच्या) परिषदेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर भेटले, एकाकडे प्लास्मिड पेशीत घालायची पद्धत होती, दुसऱ्याकडे डीएनए कापणारं इकोआरवन एन्झाइम, आणि १९७३ मध्ये रिकॉम्बिनंट डीएनएचा (वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून केलेल्या डीएनएचा) पेपर आला. एमान्युएल शारपँतिये आणि जेनिफर डाउडना २०११ मध्ये पोर्टो रिकोच्या एका मायक्रोबायोलॉजी परिषदेत भेटल्या, पुढच्याच वर्षी डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या कॅस नाइनचा पेपर आणि २०२० मध्ये नोबेल. आमच्याकडे नोबेल मिळेल असं मी म्हणत नाहीये, पण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे बघा, प्रत्येकाकडे अर्धं होतं आणि उरलेलं अर्धं कोणाकडे आहे हे समोरासमोर बसल्यावर कळलं. भाषणं ऐकून हे कळत नाही. कोणाचं कुठे अडलंय आणि कोणाकडे काय आहे, हे त्या दिवशी उघड व्हायला हवं, मला बाकी काही नको.

तर ज्यांनी अशा मीट घेतल्यात किंवा नुसत्या अटेंड केल्यात त्यांनी प्लीज सांगा: पोस्टर सेशन जिवंत कसं करायचं? गाइड शेजारी उभे असले की मुलं तोंड उघडत नाहीत, त्याचं काय करायचं? पब्लिश न झालेला डेटा दाखवायला लोक घाबरतात (आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही), त्यावर उपाय काय? आणि मीट संपल्यावर सगळं थंड पडू नये म्हणून काय करता?

प्रतिसाद

आमच्याकडे अशी मीट दर वर्षी होते आणि मी बराच काळ त्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पोस्टर सेशन शेवटून उचला आणि दिवसाच्या मध्यात आणा, त्याच्या दोन्ही बाजूंना व्याख्यानं ठेवा म्हणजे पोस्टर टाळून निघून जाताच येत नाही. पोस्टरना नंबर द्या, पहिला अर्धा वेळ विषम नंबरवाल्यांनी आपल्या पोस्टरपाशी उभं राहायचं आणि सम नंबरवाल्यांनी फिरायचं, मग उलट. हे न केल्यामुळे बिचारे पोस्टरवाले दुसऱ्या कोणाचंच पोस्टर बघू शकत नाहीत, आणि एकमेकांचं काम समजून घ्यायला सगळ्यात उत्सुक तेच असतात. बोर्डवर लावताना विभागवार अजिबात लावू नका. विषयवारही नको. पद्धतीनुसार लावा, म्हणजे मायक्रोस्कोपीवाले एकत्र, सीक्वेन्सिंगवाले एकत्र, प्रोटीनवाले एकत्र. झाडाच्या मुळावर काम करणारी आणि माशाच्या भ्रूणावर काम करणारा यांना एरवी एकमेकांचं काय, पण दोघं कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर जाड सँपलची इमेजिंग करत असतील तर अडचण तीच असते, आतल्या थरात सिग्नल मरतो, आणि त्यावर दोघंही तासभर बोलू शकतात.

दुसरं म्हणजे पोस्टरच्या खाली एक चौकट सक्तीची करा: "माझं अडलंय ते हे" आणि "मी हे देऊ शकतो". एका एका ओळीत. नावाच्या बॅजवरही हेच छापा, पदनाम नको. पदनाम छापलं की लोक बॅज वाचून कोणाशी बोलायचं ते ठरवतात. सुरुवातीला मुलं "अडलंय" मध्ये काहीतरी गुळगुळीत लिहितील, "कोलॅबरेशन हवंय" वगैरे, ते परत पाठवा. "अँटिबॉडी वेस्टर्नला चालते पण इम्युनोफ्लुओरेसन्सला चालत नाही" असं लिहिलं तरच कोणीतरी थांबेल.

प्रतिसाद

डेटाच्या भीतीबद्दल. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस १९३१ पासून चालू आहेत आणि त्यांचा नियमच आहे की तिथे सांगितलेली माहिती खाजगी संवाद समजायची, स्लाइड आणि पोस्टरचे फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग नाही, सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर वापरायचं नाही. तुमची मीट तर घरातलीच आहे, हाच नियम रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर छापा आणि सुरुवातीला माइकवर वाचून दाखवा. नुसतं छापून काही होत नाही, कोणीतरी ज्येष्ठ माणसाने उभं राहून सांगितलं की फरक पडतो. ज्यांना चालेल त्यांनी पोस्टरवर "फोटो काढलात तरी चालेल" असं लिहावं.

पण एक गोष्ट वेगळी आणि ती गंभीर आहे. कोणाच्या कामावर पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज भरण्याआधी पोस्टरवर ते उघड करू नये. बऱ्याच देशांत आधी जाहीर झालं की नावीन्य गेलं असं धरतात, युरोपात हे फार कडक आहे, अमेरिकेत शोध लावणाऱ्याला एक वर्षाची सवलत मिळते. तेव्हा गाइडना आणि विद्यापीठाच्या पेटंट बघणाऱ्या कार्यालयाला विचारूनच पोस्टर फायनल करा असं सूचनेत नक्की घाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कोणीच सांगत नाही.

आणि पेटंट घ्यायचं नसेल, पण स्कूप व्हायची (दुसऱ्याने तेच आधी छापायची) भीती फारच असेल तर बायोआर्काइव्ह ही वेबसाइट आहेच, तिथे प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचा पेपर) टाकला की तारीख तुमच्या नावावर लागते. मग पोस्टरवर काय लपवायचं हा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद

मुलं बोलत नाहीत हा नुसता गाइडचा प्रश्न नाहीये हो. २०१८ मध्ये प्लॉस वनमध्ये एक अभ्यास आला होता, १० देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळपास २५० सेमिनार त्यांनी बघितली, तर व्याख्यानानंतरचा प्रश्न पुरुषाने विचारलेला असण्याची शक्यता बाईने विचारलेला असण्यापेक्षा अडीचपट होती. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी झालेले दिसले. त्यामुळे सत्र चालवणाऱ्याने पहिला प्रश्न मुद्दाम एखाद्या विद्यार्थिनीला द्यावा, आणि प्रश्नांचा वेळ कापू नये. वक्ता लांबला की पहिली कुऱ्हाड प्रश्नांवरच पडते, ते तुम्ही होऊ देऊ नका, दोन व्याख्यानं कमी ठेवा पण प्रश्नांना वेळ द्या.

आम्ही आणखी एक करायचो, व्याख्यान संपलं की लगेच हात वर नाही, आधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलायचं. मनातला प्रश्न एकदा शेजारच्याला बोलून दाखवला की तो सगळ्यांसमोर विचारायचा धीर येतो. आणि बाहेरून येणाऱ्या वक्त्यांबरोबर एक तास फक्त विद्यार्थ्यांचा ठेवा, त्या खोलीत एकही प्राध्यापक नको. मला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) कुठे करावं हे अशाच एका तासात कळलं, गाइडसमोर मी ते विचारूच शकले नसते.

प्रतिसाद

मीटला पैसे आणि वेळ का द्यायचा असं वरून कोणी विचारलं तर हे दाखवा: हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये इमेजिंगच्या एका ग्रँटच्या आधी संशोधकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या खोल्यांत वाटलं आणि ९० मिनिटं एकमेकांना आपल्या कल्पना सांगायला लावल्या. एका खोलीत आलेल्या जोड्यांनी मिळून अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. मुळात ती फार कमी होती हे खरं, पण फक्त ९० मिनिटं! पेपर २०१७ चा आहे. यात माझ्या मते महत्त्वाचं हे की खोली लोकांनी स्वतः निवडली नव्हती. तुम्हीही बसायच्या जागा चिठ्ठीने ठरवा, नाहीतर घोळके तसेच राहणार.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढ्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. पोस्टर मध्यात आणि पद्धतीनुसार लावायचे हे आमच्या ग्रुपमध्ये मान्य झालंय, सम-विषम पण. "अडलंय / देऊ शकतो" ही चौकट तर मला इतकी पटली की मी ती मीटपुरती ठेवणारच नाही, त्या सगळ्या ओळी एका शीटमध्ये उतरवून सगळ्या विभागांना पाठवणार आणि दर महिन्याला त्यातला एक "अडलंय" उचलून अर्ध्या तासाचं छोटं सेमिनार घेणार, ज्यात पूर्ण झालेलं काम सांगायला मनाई, फक्त जे चालत नाहीये तेच. मीट नंतर थंड पडू नये याचं माझ्याकडे तरी हेच उत्तर आहे. पेटंटचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता, तो सूचनेत पहिल्या ओळीत जाईल.

कीनोट एकच ठेवायचं यावर मात्र अजून वाद चालू आहे, दोन वक्त्यांना आधीच शब्द दिला गेलाय. त्यातल्या एकांना विद्यार्थ्यांबरोबरच्या तासासाठी विनंती करून बघते.

अजून एक अडचण राहिलीय. बायोइन्फर्मॅटिक्सची मुलं म्हणतात की आम्ही आलो की सगळे आपला डेटा घेऊन येतात, "एवढं जरा अ‍ॅनलाइज करून दे" म्हणतात आणि पेपरमध्ये नाव शेवटी आभारात. त्यामुळे त्यांना यायचंच नाहीये, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. सँपल गोळा करायच्या आधीच, म्हणजे रेप्लिकेट (तोच प्रयोग पुन्हा) किती घ्यायचे आणि कंट्रोल (तुलनेसाठीचे सँपल) कुठले हे ठरवतानाच त्यांना बरोबर घेतलं तर ते खऱ्या अर्थाने सहलेखक होतात आणि प्रयोगही वाया जात नाही, पण हे मीटमध्ये घडवायचं कसं? तुमच्यापैकी कोणी "अजून सुरू न झालेले प्रयोग" असं वेगळं सत्र घेतलंय का, आणि लेखकत्वाचं आधीच बोलून घ्यायला एखादा साधा एक पानी फॉर्म वापरता का? असेल तर त्यात काय काय विचारता ते इथेच लिहा, पुढच्या आठवड्यात आमची मीटिंग आहे तेव्हा मांडते.