रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काही बिघडलं नाही, असं नसतं
"चुकून ग्लूटेन पोटात गेलं, पण नंतर रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग कशाला घाबरायचं?" सीलिअॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांबद्दलचं हे म्हणणं मला अर्धंच पटतं. घाबरायचं नाही, हे खरं. पण सीलिअॅकमध्ये टीटीजी ही रक्ततपासणी ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजते, आणि अधूनमधून होणाऱ्या लहान चुकांनी त्या बऱ्याचदा वाढतच नाहीत. म्हणजे लहान आतड्याचं अस्तर ठीक आहे याची खात्री तो रिपोर्ट देत नाही. २००७च्या एका अभ्यासात रुग्णांना ३ महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं होतं, तेवढ्यानंही अस्तराला इजा झालेली दिसली. म्हणून एखाद्या दिवशीची चूक मनाला लावून घेऊ नये, पण रोज नकळत जाणारा अंश मात्र शोधून काढायलाच हवा. आमच्या मुलीचा त्रास थांबेना तेव्हा ती काय, कुठे खाते ते आम्ही लिहू लागलो. त्यातून कळलं की पदार्थ ग्लूटेनमुक्त होता, पण तळणीचं तेल सगळ्यांसाठी एकच होतं!

ग्लूटेन पचवण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या एंझाइमच्या गोळ्यांवर कृपया विसंबू नका, त्या आतड्याची इजा टाळतात असं सिद्ध झालेलं नाही. अॅक्टिव्हेटेड चारकोल तर नकोच, त्यामुळे इतर औषधं नीट शोषली जात नाहीत. चुकून ग्लूटेन गेलंच तर भरपूर पाणी, उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस, आणि विश्रांती. उलट्या थांबत नसतील किंवा शौचातून रक्त गेलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा.