सूट, सवलत की हक्क? रेल्वेच्या निवेदनावरून पडलेला प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने रेल्वेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मराठी तपासायला माझ्याकडे दिला आहे. पहिलीच ओळ अशी: ‘ज्येष्ठांची बंद केलेली सवलत पुन्हा सुरू करावी, ही विनंती.’ एका काकांना तिथे ‘सूट’ हवे होते. एका काकूंना दोन्ही शब्द हात पसरल्यासारखे वाटले. त्यांनी ‘हक्क’ सुचवला. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत असे मला वाटते, म्हणून इथे मांडतो.

‘सूट’ ही सुटण्यातली. देणे होते, त्यातले काही सुटले. शेतसाऱ्यात सूट, व्याजात सूट, दिवाळीत लक्ष्मी रोडवर कापडावर सूट. ती रुपयांत किंवा टक्क्यांत मोजता येते. ‘सवलत’ अरबी ‘सुहूलत’वरून आली, मूळ अर्थ सोपेपणा. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ मिळतो ती सवलत. तिला ‘वेळेची सूट’ म्हणून पाहा, कानाला खटकते.

आता रेल्वे. मार्च 2020पर्यंत 60 वर्षांच्या पुढच्या पुरुषांना भाडे 40 टक्के आणि 58च्या पुढच्या स्त्रियांना 50 टक्के कमी पडे. करोनाच्या सुरुवातीला ते बंद झाले आणि नंतर सुरू झाले नाही. पण खालच्या बर्थचा वेगळा कोटा चालूच आहे. ज्येष्ठांबरोबर 45 वर्षांवरच्या आणि गरोदर स्त्रियाही त्यात येतात. म्हणजे काटेकोर बोलायचे तर सूट गेली, सवलत राहिली. गुडघे धरलेल्या माणसाला वर चढावे लागू नये, ही खरी सवलत. तिच्यात एक पैसाही सुटत नाही.

प्रतिसाद

मी लोणावळा लोकलचा पासधारक, शिवाजीनगरला चढतो. तुमचा फरक पटला, पण आमचा पास कुठे बसवाल? तिमाही पास मासिकाच्या 2.7 पटीत मिळतो. ही माझ्यावर मेहेरबानी नाही, रोजच्या गिऱ्हाइकाला दिलेला ठोक भाव आहे. ब्रिटनमधले रेलकार्डही असेच: आधी पैसे मोजून कार्ड घ्यायचे, मग वर्षभर बहुतेक भाडी एक तृतीयांशाने कमी. विकत घेतलेल्या गोष्टीला ‘सवलत’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. विद्यार्थ्याचा निम्म्या दराचा पास मात्र सवलत, कारण तो कमावत नाही.

आणि एक बोच आहे ती सांगतो. ज्येष्ठांची ती सूट वय पाहून होती, खिसा पाहून नव्हे. फर्स्ट एसीने जाणाऱ्या साठीच्या गृहस्थाला 40 टक्के सुटत, आणि जनरल डब्यात उभ्याने गावी जाणारा पस्तिशीचा बिगारी पूर्ण भाडे भरे. खिसा पाहून दिलेले उदाहरण 2009चे: असंघटित कामगाराचे उत्पन्न महिना 1,500 रुपयांपर्यंत असेल तर 100 किलोमीटरपर्यंतचा मासिक पास 25 रुपयांत. त्याचे नाव ठेवले ‘इज्जत’. एसटीने 2023मध्ये स्त्रियांना निम्मे तिकीट केले, तीही ‘महिला सन्मान योजना’. नावातच मान घालावा लागतो, याचा अर्थ ‘सवलत’ शब्दाला कमीपणा चिकटला आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक आहे. एसटीत बायका सरळ ‘एक हाफ द्या’ म्हणतात. मला तो शब्द सगळ्यांत स्वच्छ वाटतो.

प्रतिसाद

काकूंना काय झोंबले ते रेल्वेच्या हिंदी शब्दात दिसेल: ‘रियायत’. ‘रयत’ आणि ‘रियायत’ एकाच अरबी धातूचे, अर्थ राखणे, चारणे. म्हणजे मेंढपाळाने कळपाची घेतलेली काळजी. वर राखणारा, खाली राखलेले, अशी उतरंड शब्दातच आहे. मराठीत सवलतीला ती नव्हती, पण सरकारी भाषांतरातून आली असावी असा माझा अंदाज.

दुसरे: प्रवासखर्चाच्या सरासरी 57 टक्केच वसूल होतात, असे रेल्वेच तिकिटावर छापत आली आहे. मग बिगारी, पासधारक, फर्स्ट एसीवाले, सगळेच थोडे सुटलेले. म्हाताऱ्यांकडे बोट दाखवून ‘फुकटे’ म्हणायचा अधिकार कोणालाच उरत नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पासधारकांची बोच रास्त आहे. संघातही दोघे-तिघे तसेच बोलले होते. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी विचार करा असे सुचवले होते, म्हणून आम्हीही वरचे वर्ग वगळतो आहोत. ‘हक्क’ लिहिला नाही, कारण आज तो कोणत्या नियमात दाखवता येत नाही आणि खोटा शब्द निवेदनात नको. नवी ओळ अशी:

‘ज्येष्ठांना स्लीपर व थर्ड एसीच्या भाड्यात पूर्वीची सूट द्यावी आणि खालच्या बर्थची सवलत वाढवावी, ही मागणी.’

शेवटी ‘विनंती’ होते, तिथे ‘मागणी’ केले. काकूंना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचले आणि सही केली.